मुलाच्या कथेला तात्पर्य जोडू नका

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे, कला शाखेत. लहानपणापासून कथा लिहितो आणि त्याला कथालेखकच व्हायचं आहे. मी स्वतः भाषा शिकवते, त्यामुळे घरातून विरोध अजिबात नाही. त्याची प्रत्येक कथा मी तपासून देते, स्पर्धांना पाठवते. बारावीच्या आत त्याचा कथासंग्रह यावा म्हणून एका प्रकाशकांशी बोलणं झालं आहे, आगाऊ रक्कमही भरली आहे. संग्रहाच्या सुरुवातीला छापण्यासाठी ‘लेखक म्हणून माझी भूमिका’ एका पानात लिहून दे, असं त्याला सांगितलं. ते पान त्याने कसंबसं दिलं आणि तेव्हापासून लिहिणंच थांबवलं. विचारलं तर ‘सुचत नाही’ म्हणतो. गुणही ८४ वरून ६७ टक्क्यांवर आले. त्याची एक कथा आणि ते पान सोबत पाठवत आहे. कथेतल्यासारखं आमच्या घरात काही घडलेलं नाही, हे कृपया लक्षात घ्यावं. हा आळस आहे, की त्याच्यात मुळात लेखकाची कुवतच नाही? त्याने कोणता कोर्स करावा?
– एक आई

उत्तर : ताई, गुणांपाशी मी थांबलोच नाही. ८४ चे ६७ झाले, ते उद्या ७५ होतील किंवा होणार नाहीत. अकरावीच्या सहामाहीवर कुणाचं आयुष्य ठरत नाही. मी थांबलो ते ‘आमच्या घरात काही घडलेलं नाही’ या वाक्यापाशी. मी तुम्हाला ओळखत नाही, तुमचं घर पाहिलेलं नाही, तरी हा खुलासा तुम्हाला करावासा वाटला. मग मुलाकडे तो किती वेळा मागितला गेला असेल?

त्याच्या कथेबद्दल इथे लिहिलं तर चालेल का, हे मी तुमच्यामार्फत त्याला विचारलं होतं. ‘चालेल, पण शेवट जुना सांगा,’ असं उत्तर आलं. ज्याच्यात कुवत नाही असा मुलगा हे वाक्य बोलत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

कथा अशी. दहाएक वर्षांचा मुलगा, घरात आजोबा. त्यांना कमी ऐकू येतं, ते टीव्ही मोठ्याने लावतात, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात. एक दिवस मुलगा त्यांच्या श्रवणयंत्रातला सेल काढून आपल्या कंपासपेटीत लपवतो. पेटी हलली की सेल खडखडतो, म्हणून तो त्याला खोडरबराखाली दाबून ठेवतो. (हा तपशील मला फार आवडला. चोरी करणाऱ्याचं सगळं लक्ष आवाजाकडे असतं, आणि हा मुलगा आवाजच चोरतो आहे.) आजोबांना वाटतं, आता कान पुरतेच गेले. ते कुणाला सांगत नाहीत. टीव्ही लावणं सोडतात, प्रश्न विचारणं सोडतात. घर शांत होतं, मुलाचा अभ्यास झकास चालतो. मग एका संध्याकाळी आजोबा त्याला जवळ बोलावून म्हणतात, ‘तू हल्ली माझ्याशी बोलत का नाहीस रे?’

इथे जुनी कथा संपते. तिच्या समासात तुमच्या लाल शाईत लिहिलं आहे : ‘मुलाला पश्चात्ताप झालेला दाखव. माफी मागू दे. वाचकाला संदेश मिळायला हवा.’ पुढच्या सुवाच्य प्रतीत त्याने ते निमूटपणे केलं आहे. मुलगा रडतो, सेल परत करतो, आजोबांच्या पाया पडतो, आणि ज्येष्ठांची सेवा हीच ईश्वरसेवा असल्याचं त्याला उमगतं. या आठ ओळींत शुद्धलेखनाची एकही चूक नाही. त्यांत जीवही नाही.

तुम्ही भाषेच्या शिक्षिका आहात, म्हणून जरा तपशिलात जातो. आजोबांचा तो प्रश्न ऐकल्यावर वाचक सगळं जाणतो आणि आजोबा काहीच जाणत नाहीत. ते दोष देतात तोही चुकीच्या गोष्टीला. मुलगा बोलत असेलही, पण त्यांना ते कळायला आता मार्ग नाही. पश्चात्ताप मुलाला होण्याआधी तो वाचकाला होतो, आणि तो उतरवून ठेवायला कथेत जागाच ठेवलेली नाही. माफीचा प्रसंग घातला की वाचक सुटतो. तुम्ही संदेश घातला, असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात तिथे होता तो संदेश तुम्ही काढून घेतलात. कथा लिहून झाली की तिची सुरुवात आणि शेवट खोडावा, लेखक सर्वांत जास्त खोटं तिथेच बोलतो, असं रशियन कथाकार चेकॉव्ह म्हणत असे, ही आठवण त्याचा लेखकमित्र इव्हान बुनिनने नोंदवून ठेवली आहे. तुमच्या मुलाने हे न वाचता केलं होतं.

आता ते ‘भूमिके’चं पान. त्यात समाजप्रबोधन आहे, संस्कारक्षम साहित्य आहे, दीपस्तंभही आहे. सतरा वर्षांचा कुठलाही मुलगा आपणहून दीपस्तंभ लिहीत नाही. पण पानाच्या तळाशी एक ओळ आहे, दोनदा खोडलेली. उजेडापुढे धरली तर वाचता येते : ‘जे कबूल करायची लाज वाटते ते मी दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लिहितो, म्हणजे मला ते नीट बघता येतं.’

ही त्याची भूमिका. कथा कशी लिहायची आणि कशासाठी लिहायची, दोन्हीचं उत्तर त्या एका ओळीत आहे. आणि ती खोडली आहे निळ्या शाईने, म्हणजे त्यानेच. मला सर्वांत जास्त काळजी याची वाटली. तुमचं लाल पेन आता त्याला बाहेरून लागतच नाही. वाक्य कागदावर उतरतं न उतरतं तोच आतून कुणीतरी विचारतं, यातून काय घ्यायचं, लोक काय म्हणतील, हे आपल्याच घरातलं आहे का. अशा वेळी ‘सुचत नाही’ हे उत्तर खोटं नसतं. सुचतं, पण त्याची तपासणी आधी होते. तेव्हा आळस हा शब्द बाजूला ठेवा.

या सगळ्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे, आणि तो तुमचा एकटीचा नाही. लेखकाचं तत्त्वज्ञान आधी ठरतं आणि त्याप्रमाणे कथा लिहिल्या जातात, असं आपण धरून चालतो. पाठ्यपुस्तकांनी ही सवय लावली : लेखकाचा परिचय आधी, ‘त्यांच्या लेखनामागची प्रेरणा’ आधी, धडा नंतर. प्रत्यक्षातला क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. रशियन कादंबरीकार टॉल्स्टॉयने कला म्हणजे काय, ती कशासाठी, याचं पुस्तक लिहिलं ते १८९७-९८ च्या सुमारास, सत्तरीला टेकल्यावर. ‘वॉर अँड पीस’ आणि ‘अॅना कॅरेनिना’ लिहून होऊन तेव्हा दशकं लोटली होती. आणि गंमत अशी की त्या पुस्तकातल्या तत्त्वांच्या कसोटीवर त्याने स्वतःच्या जवळपास सगळ्या कथात्म लेखनाला वाईट कलेत ढकललं, दोन छोट्या कथा तेवढ्या वाचवल्या. म्हणजे हे तत्त्वज्ञान त्याने सतराव्या वर्षी लिहून दिलं असतं आणि घरच्यांनी ते भिंतीवर लावलं असतं, तर त्या दोन्ही कादंबऱ्यांचं काय झालं असतं, याचा विचार करा. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने आपण का लिहितो हे सांगणारा निबंध १९४६ साली लिहिला. ‘अॅनिमल फार्म’ त्याच्या आदल्या वर्षी आली होती. लिहिण्यामागच्या चार प्रेरणा तो देतो. त्यांत राजकीय हेतू आहे, तो ऑर्वेलच्या बाबतीत असणारच, पण यादीत पहिला नंबर आहे निखळ अहंकाराचा : हुशार दिसावं, लोकांनी आपल्याविषयी बोलावं, मेल्यावर आठवण राहावी. हे तुमच्या मुलाने त्या पानावर लिहिलं असतं तर लाल शाईने किती मोठी फुली पडली असती! आपल्याकडे ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावाने ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. तुम्हीही शिकवला असेल. तो वाद दोघांना शोभला, कारण दोघांच्या पाठीशी लिहून झालेली पुस्तकं होती. ज्याच्या पाठीशी डझनभर कथा आहेत, त्याला या वादात उभं करून ‘बोल, तू कुठल्या बाजूचा’ असं विचारण्यात काही अर्थ नाही. जी बाजू आईची, तीच तो सांगेल.

याचा अर्थ लेखकाला हेतू नसावा, असं मी म्हणत नाही. ‘जीवनासाठी कला’ म्हणणाऱ्या खांडेकरांची तळमळ खरी होती आणि असंख्य वाचकांनी ती ओळखली. पण हेतूबद्दल चेकॉव्हने ऑक्टोबर १८८८ मध्ये आपले प्रकाशक सुवोरिन यांना जे लिहिलं, ते मला आजही सर्वांत उपयोगी वाटतं. प्रश्न सोडवणं आणि प्रश्न नीट मांडणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि कलावंतावर दुसरीच बंधनकारक आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. तुमच्या मुलाने प्रश्न मांडला होता, तोही नेमका : शांततेसाठी आपण एखाद्याला किती सहज बंद करून टाकतो. उत्तराचा आग्रह तुमचा आहे. हे बंधन सोपं आहे असंही समजू नका. प्रश्न नीट मांडायचा तर लिहिणाऱ्याने स्वतःला सूट द्यायची नसते. आजोबांना छळणारा मुलगा दुष्ट दाखवला असता तर काम सोपं झालं असतं. त्याने तो हुशार, अभ्यासू आणि आपल्यासारखाच दाखवला. नीतिमत्ता म्हणतात ती कथेत अशीच असते, पात्राला न्याय देण्यात. शेवटी जोडलेल्या वाक्यात ती नसते.

‘खरं घडलं का?’ हा प्रश्न त्याला पुन्हा विचारू नका. तुम्ही पत्रात कबूल केलं नसलं तरी तो विचारला गेला आहे, हे तुमच्या खुलाशावरून दिसतं. सेल लपवला असेल, नसेल. कदाचित त्याने फक्त एकदा तसा विचार केला असेल, आणि त्या विचाराची लाज वाटली असेल. त्याने जे केलं नाही, पण जे करायची त्याची तयारी होती, तेही त्याला कथेत लिहिता आलं पाहिजे. याची चौकशी सुरू झाली की तो निरुपद्रवी गोष्टींकडे वळेल : मेहनती मुलगा, गरीब मित्र, शेवटी बक्षीस समारंभ. बक्षिसंही मिळतील. लेखकाच्या घरच्यांना थोडं सोसावं लागतं, हे खरं. ते सोसायचं नसेल तर त्याला आजच स्पष्ट सांगा, निदान तो लपवून तरी लिहील. तपासणीसाठी लिहिण्यापेक्षा ते बरं.

आणि त्याची वही त्याने दिल्याशिवाय उघडू नका. तुम्ही ती ‘तपासून देते’ असं सहज लिहिलं आहे, जणू ती गृहपाठाची वही आहे. कथेचा पहिला खर्डा तपासायचा नसतो. त्याला वाचक हवा असेल, पण तो आई असणं जरुरीचं नाही. खरं सांगायचं तर आई नसलेला बरा. समवयस्क दोघं-तिघं, किंवा ज्यांच्या हातात त्याचे गुण नाहीत असे एखादे शिक्षक, एवढं पुरे. शुद्धलेखन सर्वांत शेवटी, कथा कुठे पाठवायची ठरली की. तेव्हा तुमची मदत खरंच मोलाची आहे. ती त्याला मागू द्या.

संग्रहाबद्दल माझं मत कडक आहे. लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक छापणाऱ्यांचा व्यवसाय वाचकांवर चालत नाही, लेखकांच्या पालकांवर चालतो. पुस्तक विकलं जावं अशी त्यांना गरजच नसते, कारण त्यांचे पैसे आधीच आलेले असतात. संपादन होत नाही, कारण संपादक ‘हे अजून झालेलं नाही’ असं म्हणतो आणि गिऱ्हाईक जातं. मुलाच्या हाती येतात ते गठ्ठे, नातेवाइकांना वाटायचे. चार वर्षांनी, हात जरा बसल्यावर, तेच पुस्तक त्याला कुणी पाहू नये असं वाटेल. मग ते लपवताही येणार नाही. कथा लिहायची, नियतकालिकाला पाठवायची, नकार घ्यायचा, पुन्हा लिहायची, हा रस्ता जुना आहे, आणि नकार फुकट मिळतो.

कोर्सचं थोडक्यात. बारावीनंतर साहित्य, भाषाशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र यांपैकी जे त्याला ओढेल त्यात पदवी घ्यावी. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा आहे, इतरत्र बऱ्याच ठिकाणी बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो. सर्जनशील लेखनाचे अभ्यासक्रमही असतात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ पासून चालू आहे, तेव्हा ‘लेखन शिकवता येतच नाही’ म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही. पण तिथे शिकवतात ते कागदावरचं काम, आणि तेही ज्याच्याकडे लिहिलेलं काही आहे त्यालाच. पोटापाण्याचा विचार मात्र वेगळा करा, आणि आत्ताच करा. कथालेखनावर घर चालेल असं मी कुणालाच सांगत नाही. काफ्का १९०८ ते १९२२ प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. चेकॉव्ह डॉक्टर होता. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. टोनी मॉरिसन प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या आणि त्यांची पहिली कादंबरी १९७० मध्ये आली तेव्हा त्यांचं वय ३९ होतं. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप टपाल खात्यात होता. पहाटे घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा आणि मग ऑफिसला जायचा. भाषांतर, संपादन, पटकथा, जाहिरात, अध्यापन ही भाषेच्या जवळची कामं आहेत. भाषेशी अजिबात संबंध नसलेलं कामही चालतं, काहींना तेच मानवतं, संध्याकाळी शब्द थकलेले नसतात.

आता थोडं थेट तुझ्याशी. आईला हे वाचायला मनाई नाही, पण आता मी तुझ्याशी बोलतोय.

तुझा जुना शेवट बरोबर आहे, तो ठेव. बाकी कथा मात्र अजून झालेली नाही. मधले दोन परिच्छेद घरातल्या शांततेवर आहेत, ते तू कुठेतरी वाचलेल्या शांततेवर लिहिले आहेस. ‘भयाण शांतता’ हे तुझं नाही. खोडरबराखालचा सेल तुझा आहे. टीव्ही बंद झाल्यावर त्या घरात आधी न ऐकू येणारं काय ऐकू यायला लागलं, ते लिही, आणि नेमकं लिही. मोठ्याने वाचून बघ. जिथे तुझा आवाज भाषणासारखा होतो तिथे काहीतरी उसनं आहे. मग कथा महिनाभर ठेवून दे. दरम्यान एक सराव कर : हीच कथा आजोबांच्या बाजूने लिही. त्यांना सेल गेल्याचं कळलं होतं, पण ते बोलले नाहीत, असं धरून लिही. छापायला नको, तुला तुझ्या कथेतला मुलगा किती कळलाय हे तपासायला.

आणखी एक. तुझ्या कथेत आई नाही. ती गावाला गेली आहे किंवा वारली आहे, असं कुठे म्हटलेलं नाही. जेवण वाढलं जातं, पण वाढणारं कुणी नाही. हे तू ठरवून केलंस का? केलं असशील तर कारण कथेत हवं. वाचणारी आई आहे म्हणून लिहिताना तिला टाळलं असशील, तर ते समजू शकतं, पण त्या घरात एक मोठं माणूस आहे ज्याला आजोबांचा सेल गेल्याचं कळायला हवं होतं आणि कळलं नाही. कथेतली अवघड जागा कदाचित तीच आहे.

आणि भूमिकेची घाई नको. खोडलेलं वाक्य चांगलं आहे, पण त्याचीही पाटी करून टांगू नकोस. पाच वर्षांनी तू लाजेपोटी लिहीत नसशील, रागापोटी लिहीत असशील, किंवा नुसतं एखादं माणूस कसं चालतं ते पकडायला. तेव्हा हे वाक्य खोडशील, आणि त्या वेळी खोडणं योग्य असेल. अभ्यासात ६७ चे ७० कर. लेखक असल्याने इतिहासाच्या सनावळीतून सूट मिळत नाही.

ताई, शेवटचं काम तुमचं. प्रकाशकांना संग्रह थांबवत असल्याचं फोनवर नको, लेखी कळवा आणि आगाऊ रक्कम परत मागा. मुलगा अठराचा नाही, म्हणजे करार झाला असेल तर सही तुमचीच असणार. रक्कम परत करण्याबद्दल आणि कथांच्या हक्कांबद्दल त्यात काय लिहिलंय, ते आधी काढून वाचा. रक्कम बुडाली तरी चालेल, पण हक्क त्याच्याकडेच राहिल्याचं त्यांच्याकडून लिहून घ्या. ही कथा त्याला पुन्हा लिहायची आहे.